घरी साबण करायचा आहे : दीड हजारांत वजनकाटा घ्यावा की हँड ब्लेंडर? (इंदूर)

तिलकनगरवासी
सर्वांना नमस्कार. यंदा दिवाळीच्या अभ्यंगस्नानासाठी घरी केलेला साबण आप्तेष्टांना द्यावा, असे मनात आहे. बाजारात मिळणारा तयार बेस वितळवून साच्यात ओतण्याचा प्रकार मी गेल्या वर्षी केला. पण त्यात आपण स्वतः काही केले असे वाटले नाही. म्हणून या वेळी तेल आणि कॉस्टिक सोडा यांपासून, न शिजवता साबण करण्याची पद्धत शिकायची आहे. दिवाळीला अजून आठ आठवडे आहेत. भिशीच्या पैशांतून दीड हजार रुपये यासाठी बाजूला काढले आहेत, त्याहून अधिक खर्च करता येणार नाही. एवढ्या पैशांत चांगला वजनकाटा घ्यावा की हँड ब्लेंडर, तेल कोणते वापरावे आणि इंदुरात खात्रीचा कॉस्टिक सोडा कोठे मिळेल, एवढेच विचारायचे आहे. घरात साडेतीन वर्षांचा मुलगा आहे. नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते, एरवी बोअरचे पाणी वापरतो.

रामबागची_सून
ताई, ब्लेंडर घ्या, यात दुसरा विचारच करू नका. पहिल्या खेपेस मी ऑलिव्ह तेलाचा साबण हाताने ढवळत बसले होते. सव्वा तास झाला तरी मिश्रण पाण्यासारखेच, आणि दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटायला हात वर होईना. त्यानंतर अठ्ठावीसशे रुपयांचा, स्टीलच्या दांड्याचा ब्लेंडर आणला. आता चार मिनिटांत काम होते. गेल्या वर्षी चाळीस वड्या केल्या आणि नणंदेच्या डोहाळजेवणात सगळ्या संपल्या. दीड हजारांत भागवायला गेलात तर पुढे तीन हजार जातील, हे अनुभवाने सांगते. तेल मात्र ऑलिव्हच वापरावे.

निवृत्त_रसायनकार
प्रश्नकर्तीने मर्यादा दीड हजारांची सांगितली आहे, याकडे वरील सदस्यांचे लक्ष गेलेले दिसत नाही. ब्लेंडर ही सोय आहे, वजनकाट्याला मात्र पर्याय नाही. प्रत्येक तेलाला साबण होण्यासाठी लागणारा कॉस्टिक सोडा निरनिराळा असतो: एक किलो खोबरेल तेलाला साधारण 183 ग्रॅम, शेंगदाणा तेलाला 136 ग्रॅम, एरंडेलाला 128 ग्रॅम. सोडा कमी पडला तर साबण मऊ आणि तेलकट राहतो. अधिक झाला तर तो त्वचेला पोळतो, आणि असा साबण कितीही दिवस वाळवला तरी सुधारत नाही. म्हणून हिशेबाने येणाऱ्या सोड्यातून पाच टक्के कमी करतात, म्हणजे थोडे तेल मुद्दाम शिल्लक ठेवतात. यालाच सुपरफॅट म्हणतात.

पहिल्या प्रयोगासाठी खोबरेल 250 ग्रॅम, शेंगदाणा तेल 200 ग्रॅम आणि एरंडेल 50 ग्रॅम घ्यावे. त्याला सोडा 75 ग्रॅम आणि पाणी 150 ग्रॅम लागेल. पाणीसुद्धा वजनानेच घ्यावे. वाटीने किंवा चमच्याने मोजण्याचा मोह टाळावा, कारण चुऱ्याने भरलेला चमचा आणि पापड्यांनी भरलेला चमचा यांच्या वजनात फार तफावत पडते. बोअरचे पाणी वापरू नये. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते क्षारविरहित पाणी स्वस्त मिळते आणि या कामाला पुरेसे असते.

सियागंजी
सोडा सियागंजात किराण्याच्या ठोक दुकानांच्या आसपास मिळतो, मात्र पाकिटावर शुद्धता 98 टक्के किंवा त्याहून अधिक लिहिलेली असेल तरच घ्यावा. तुंबलेली मोरी मोकळी करण्यासाठी जी पावडर विकतात ती कदापि घेऊ नये, कारण तिच्यात अनेकदा ॲल्युमिनियमचा चुरा आणि इतर क्षार मिसळलेले असतात. एक किलोत वर सांगितलेल्या मापाचे दहाबारा घाणे सहज होतील. मी मात्र स्वस्त पडतो म्हणून पाच किलो उचलला. डब्याचे झाकण नीट बसत नव्हते. पावसाळ्यात त्याने हवेतली ओल ओढून घेतली आणि आत एकसंध दगड झाला, तो फोडायला अखेर छिन्नी घ्यावी लागली. तसेच एक लक्षात असू द्यावे की निव्वळ खोबरेलाचा साबण त्याच दिवशी कापावा लागतो. ब्लेंडरच्या बाबतीत मी रामबागच्या वहिनींशी सहमत आहे.

घरचं_ते_घरचं
मला या धाग्याचे आश्चर्य वाटते. ज्या पदार्थाने मोरी साफ करतात, तो अंगाला लावायचा आणि त्याला घरगुती म्हणायचे! आमच्या आजीने आयुष्यभर रिठे, शिकेकाई आणि मसुराचे पीठ वापरले. पंच्याऐंशीव्या वर्षीसुद्धा तिची त्वचा पाहण्यासारखी होती. ज्यांना नैसर्गिकच हवे असेल त्यांनी कॉस्टिकविरहित साबण करावा.

निवृत्त_रसायनकार
कॉस्टिकविरहित वडीचा साबण अस्तित्वात नाही. बाजारातला वितळवायचा बेससुद्धा याच सोड्यापासून झालेला असतो, फक्त तो भाग कारखान्यात आधीच उरकलेला असतो. तेल आणि सोडा यांचा संयोग पूर्ण झाला की साबण आणि ग्लिसरीन उरते. प्रमाण बरोबर असेल तर मोकळा सोडा उरत नाही. रिठ्याला फेस येतो तो त्यातील सॅपोनिनमुळे. रिठा चांगलाच आहे, पण तो साबण नव्हे. आपल्या आजींविषयी आदर राखून हे लिहीत आहे.

घरचं_ते_घरचं
आदर राखून लिहिलेले वाटले नाही. असो.

बर्तनबाजार
मी सोडा मोजला होता अचूक, पण विरघळवला जर्मनच्या पातेल्यात. क्षणात फसफसून वर आले, वाफेने ठसका लागला आणि पातेले आतून काळेठिक्कर पडले. पुढे वाचनात आले की सोडा ॲल्युमिनियमला खातो आणि त्यातून हायड्रोजन वायू सुटतो. शेजारी गॅसची शेगडी पेटलेली नव्हती, हे आमचे नशीब. पातेले सासूबाईंच्या माहेरचे होते. त्याविषयी घरात अद्याप बोलणे होते. स्टीलचे किंवा तळाशी 5 हा आकडा असलेले जाड प्लास्टिकचे भांडे वापरावे, काच वापरू नये. अन् हो, ब्लेंडरचा दांडा स्टीलचा आहे ना, हे पाहून घ्या. स्वस्तातल्या ब्लेंडरचा खालचा भाग कधीकधी ॲल्युमिनियमचा असतो.

मांडवीकर (बडोदे)
आमच्याकडे बडोद्यात मी दोन वर्षांपासून बकरीच्या दुधाचा साबण करतो आणि तो न आवडलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. दूध गोठवून त्याचे खडे करावेत आणि त्यांवर सोडा थोडा थोडा टाकावा, अन्यथा दूध करपून नारिंगी होते आणि खोलीभर वास सुटतो. हळद घालायची असेल तर हेही जाणून घ्यावे की सोड्यात पडताच ती लालभडक होते आणि महिन्याभरात तिचा विटकरी रंग उरतो. पिवळ्याधमक वडीची आशा ठेवू नये. साचे मी सिलिकॉनचे वापरतो, कमळाच्या आकाराचे, नऊशे रुपयांना दोन. जवळ व्हिनेगर ठेवावे, म्हणजे हातावर सोड्याचा थेंब उडाला तर लगेच लावता येते.

निवृत्त_रसायनकार
व्हिनेगरविषयीचा सल्ला कृपया कोणीही पाळू नये. त्वचेवर सोडा उडाल्यास नळाच्या वाहत्या पाण्याखाली तो भाग किमान पंधरा-वीस मिनिटे धरावा. डोळ्यात गेल्यास पाण्याने धूत राहावे आणि विनाविलंब दवाखाना गाठावा. आम्ल ओतल्याने त्या जागी आणखी उष्णता निर्माण होते. ओट्यावर सांडलेले पुसून झाल्यावर व्हिनेगरचा हात फिरवायला हरकत नाही. दुसरे असे की नेहमी पाण्यात सोडा टाकावा, सोड्यावर पाणी ओतू नये. हे द्रावण पाहता पाहता ऐंशी-नव्वद अंशांपर्यंत तापते. डोळ्यांना गॉगल, हातांना रबरी मोजे आणि खिडकी उघडी. मूल घरात असताना हे काम करूच नये.

मांडवीकर (बडोदे)
दोन वर्षांत मला काही झालेले नाही, एवढेच नमूद करतो.

रामबागची_सून
दूध, हळद हे सगळे ठीक आहे, पण हाताने ढवळणार का, हा मूळ प्रश्न तसाच राहिला. दोन हजारांतही बरा ब्लेंडर मिळतो.

छावणीतला_हिशेबी
भेट देणे वेगळे आणि विकणे वेगळे, हे कोणी सांगितलेले दिसत नाही. आपल्या कायद्यात अंगाचा साबण सौंदर्यप्रसाधनांत मोडतो आणि विक्रीसाठी तो बनवायचा तर 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे परवाना घ्यावा लागतो. माझ्या मेहुण्याने हौसेने पेट्या छापून घेतल्या, तेव्हा हे कळले. त्या पेट्यांत आता आम्ही खिळे-स्क्रू ठेवतो.

तिलकनगरवासी
सर्वांचे आभार. मला विकायचे नाहीत. एक शंका आहे: आमच्या बोअरच्या पाण्यात विकतच्या साबणालासुद्धा फेस येत नाही, बादलीत पांढरा साका तेवढा जमतो. मग यांतल्या कोणत्या तेलाला येईल?

निवृत्त_रसायनकार
खोबरेलाला. त्याचा साबण कठीण पाण्यात, अगदी समुद्राच्या पाण्यातही फेस देतो. मात्र तो त्वचेतले तेलही काढून घेतो आणि अंग कोरडे पडते. म्हणूनच मी निम्मे खोबरेल सांगितले. निव्वळ खोबरेलाचा करायचाच झाला तर सुपरफॅट पाचावरून वीस टक्क्यांवर न्यावा लागेल. नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये, असे माझे मत आहे.

रामबागची_सून
निव्वळ खोबरेल अजिबात नको. थंडीत अंगावर पांढऱ्या रेघा उमटतात. ऑलिव्ह घ्या.

सियागंजी
खोबरेलाचे भाव पाहिले आहेत का? शेंगदाणा किंवा सोयाबीन बघा. सोयाबीन तर आपल्या माळव्याचेच. एवढेच की त्याचा साबण मऊ होतो आणि काही महिन्यांत वडीवर नारिंगी ठिपके पडून खवट वास येतो, पण तोवर वापरून संपवावा.

तिलकनगरवासी (दहा दिवसांनंतर)
साबण केला. कोणाचाही सल्ला पूर्णपणे मानला नाही, हे आधीच कबूल करते.

ब्लेंडर घेतला नाही. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला काटा, रबरी मोजे, गॉगल, एक किलो सोडा, बॅटरीचे पाणी आणि अर्धा किलो खोबरेल, एवढी खरेदी दीड हजारांत बसली आणि वर काही रुपये उरले. तेल फक्त खोबरेलच घेतले. त्यामागचा विचार असा की एकच तेल असले तर एकच आकडा सांभाळायचा आणि चुकायला जागा कमी. 500 ग्रॅमला साडेएक्याण्णव ग्रॅम सोडा येतो, त्यातून वीस टक्के वजा करून 73 ग्रॅम घेतला, पाणी 150 ग्रॅम.

मुलाला दुपारी आईकडे सोडले. गॅलरीत, स्टीलच्या डब्यातल्या पाण्यात सोडा थोडा थोडा सोडला. आधी दुधासारखे गढूळ झालेले पाणी हळूहळू स्वच्छ झाले, पण डब्याला बाहेरून हात लावणे शक्य नव्हते. तासाभराने तेल आणि द्रावण दोन्ही कोमट झाल्यावर एकत्र केले आणि अंडी फेटायच्या स्टीलच्या जाळीने ढवळत राहिले. वीस मिनिटे काहीच घडले नाही आणि रामबागच्या वहिनींची आठवण झाली. मग रंग बदलला, मिश्रण अपारदर्शक आणि साईसारखे दिसू लागले. पस्तिसाव्या मिनिटाला जाळी उचलली तेव्हा तिच्यातून गळणारी धार वर रेघ बनून राहिली, लगेच बुडाली नाही. यालाच ट्रेस म्हणतात ना? शेवेच्या रिकाम्या चौकोनी प्लास्टिकच्या डब्यात बटर पेपर घालून ओतले आणि वरून टॉवेल गुंडाळला. दोन तासांनी डबा चांगलाच गरम लागत होता.

चूक पुढे झाली. एक दिवस राहू द्यावा म्हणून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कापायला घेतला, तर सुरी आत जाईना. जोर दिल्यावर वडी सरळ न कापता बर्फीसारखी फुटली. सहा वड्या बऱ्या निघाल्या, बाकीचे तुकडे. आता हा धागा पुन्हा वाचताना सियागंजी यांचे वाक्य सापडले.

सियागंजी
मी लिहिलेच होते. डबा हाताला अजून कोमट लागत असतानाच, चार-सहा तासांत कापायचा. पण कोणी वाचत नाही.

रामबागची_सून
ब्लेंडर असता तर असे झाले नसते.

निवृत्त_रसायनकार
फुटण्याचा ब्लेंडरशी काहीही संबंध नाही. हिशेब आपण बरोबर केला आहे, त्याबद्दल अभिनंदन. वड्या जाळीवर, एकमेकींना न चिकटतील अशा, वारा लागेल अशा जागी किमान चार आठवडे ठेवाव्यात. मधून मधून उलटाव्यात. त्यांतले पाणी उडाले की त्या कडक होतील आणि हाताला सौम्य लागतील. तुकडे किसून, थोडे पाणी घालून मंद आचेवर वितळवता येतात, रूप मात्र ओबडधोबड येते. उरलेल्या सोड्याचा डबा कुलुपात ठेवावा आणि रिकामा झाल्यावर कचऱ्याच्या गाडीत घातक कचऱ्याच्या कप्प्यात द्यावा, सुक्यात टाकू नये.

घरचं_ते_घरचं
तुकडे भांडी घासायला वापरा. अंगाला मसुराचे पीठच लावा.

तिलकनगरवासी
तुकडे वितळवणार नाही. सहा वड्या सहा घरांत जातील, तुकडे जाळीच्या पिशवीत भरून आम्ही मोरीवर टांगू. कालच एका तुकड्याने बोअरच्या पाण्यात मोजा काढून हात धुऊन पाहिला, फेस कोपरापर्यंत आला.

निवृत्त_रसायनकार
चार आठवडे म्हटले होते.