बंड्याचं रक्त वाढतच नाहीये, बोनमॅरो टेस्ट करावी का?

बंड्याची_आई (नाशिक)
नमस्कार सगळ्यांना. आमचा कुत्रा बंड्या, कॉकर, मेल, 8 वर्षांचा, 13 किलो. जिना चढताना मधेच बसायला लागला, जेवण कमी, हिरड्या बघितल्या तर पांढऱ्याफटक. सीबीसी केलं तर पीसीव्ही (रक्तात लाल पेशी किती टक्के ते) 13. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स मात्र नॉर्मल. डॉक्टर म्हणाले रेटिक काउंट (नव्या लाल पेशींचा आकडा) खूपच कमी आहे म्हणजे शरीर नवीन रक्त बनवतच नाहीये. सलाईनची टेस्ट (लाल पेशी एकमेकींना चिकटतात का ती) निगेटिव्ह, गोचीड तापाची किट टेस्ट निगेटिव्ह तरी डॉक्सी हे अँटिबायोटिक चालू केलंय. एकदा रक्त चढवलं, 22 पर्यंत गेलं आणि हळूहळू परत 16 वर आलं. प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) चालू होऊन दोन आठवडे होऊन गेले पण रेटिक जागचा हलत नाही. आता डॉक्टर बोनमॅरोची, म्हणजे जिथे रक्त बनतं त्या हाडातल्या मज्जेची टेस्ट सांगतायत, दुसरे एक डॉक्टर म्हणाले कशाला त्याला त्रास, वय झालंय. घरात तर रोज वाद. सासूबाई बीट किसून घालतात, शेजारचे काका पपईच्या पानांचा रस सांगतात, भातात लसूण पण चालू आहे कारण त्याने गोचीड येत नाही म्हणे. प्लीज कोणी यातून गेलं असेल तर सांगा, टेस्ट करू का? आणि याच्यातून कुत्रा बरा होतो का खरंच?

टॉमी_अँड_कंपनी
बाकी सगळं नंतर, लसूण आजच्या आज बंद!! कांदा लसूण कुत्र्याच्या लाल पेशी फोडतो, भाजीच्या ग्रेव्हीतला पण. आधीच 16 वर असलेल्या कुत्र्याला तर अजिबातच नको. सासूबाईंना माझं नाव सांगा हवं तर.

गच्चीवरची_ज्यूली (पुणे)
ताई, आमच्या ज्यूलीला अगदी हेच होतं, वय पण जवळपास तेवढंच. म्हणून तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर देते, हो, टेस्ट करा. आम्ही पण घाबरलो होतो की हाडात सुई घालणार, पण थोडं गुंगीचं औषध देऊन खांद्याजवळच्या हाडातून घेतलं आणि संध्याकाळी ती घरी येऊन पोळी मागत होती. रिपोर्टमध्ये आलं की मज्जा रिकामी नाहीये, उलट गच्च भरलेली आहे, पण लाल पेशी अर्धवट तयार झाल्या की तिचीच इम्युनिटी त्यांना तिथेच खाऊन टाकतेय. बाहेर रक्तात पोचायच्या आधीच. डॉक्टर त्याला पिमा म्हणायचे. ते कळलं म्हणून आम्हाला धीर तरी आला की औषध चालू ठेवण्यात अर्थ आहे, नाहीतर घरचे कधीच म्हणाले असते की सोडून द्या.

सगळ्यात वाईट काय असतं ते सांगू का, वाट बघणं. आठवडे गेले तरी आकडा तिथल्या तिथे. मग एका रिपोर्टमध्ये रेटिक थोडा वर आला, पीसीव्ही अजून तसाच होता पण आमचे डॉक्टर एकदम खुश, म्हणाले आधी हाच हलतो. त्यानंतर चढत गेलं. औषधं कमी करत करत बंद व्हायला मात्र खूप वेळ लागला. आणि पपईचा रस सोडा हो, तो लोक प्लेटलेट्ससाठी देतात, बंड्याच्या प्लेटलेट्स तर नॉर्मल आहेत, उगाच पोट बिघडायचं.

डॉक_पशु (पशुवैद्य)
बंड्याला मी तपासलेलं नाही त्यामुळे डोस तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचे. पण इथे दोन-तीन गोष्टी एकात एक मिसळतायत म्हणून लिहितो.

रक्तात फिरणाऱ्या लाल पेशी फुटतात तो प्रकार वेगळा. त्यात पीसीव्ही दोन-चार दिवसांत कोसळतो, लघवी गडद होते, डोळे पिवळे होतात, सलाईन टेस्टमध्ये पेशी एकमेकींना चिकटतात आणि मज्जा जोरात कामाला लागल्यामुळे तीन ते पाच दिवसांत रेटिक वर जातो. बंड्याचं तसं नाही. कुत्र्याची लाल पेशी साधारण 110-120 दिवस जगते, त्यामुळे कारखाना पूर्ण बंद पडला तरी आकडा सावकाश उतरतो, आणि तेवढ्या वेळात कुत्रा त्या कमी रक्ताची सवय करून घेतो. म्हणूनच 13 वर असलेला कुत्रा पण शेपूट हलवत येतो आणि मालकाला पत्ता लागत नाही. परत रक्त चढवायचं का हे सुद्धा नुसत्या आकड्यावर ठरवू नका. बसल्या जागी श्वास जोरात चाललाय का, छाती धडधडतेय का, उठायला नको म्हणतोय का, हे बघायचं.

आता कारखाना बंद का, हे रक्ताच्या रिपोर्टवरून सांगता येत नाही, म्हणून मज्जा बघायची. ज्यूलीसारखं असेल तर चांगली बातमी, बरेच कुत्रे सुधारतात, पण वेळ लागतो, महिना-दोन महिने सुद्धा, त्यामुळे दोन आठवड्यांत रेटिक हलला नाही म्हणून औषध फेल गेलं असं म्हणणं घाईचं आहे. मज्जा रिकामी होऊन तिथे नुसती चरबी असेल तर तो खरा मॅरो फेल्युअर, त्यात बहुतेक वेळा पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स पण खाली येतात. बंड्याच्या तशा नाहीत, ही जमेची बाजू. तिसरं म्हणजे कॅन्सर किंवा मज्जेत जाळं धरणं, तेव्हा बऱ्याचदा सुईने काही येतच नाही, म्हणून द्रव आणि हाडाचा बारीक तुकडा दोन्ही घ्यायला सांगा. दोन आठवडे स्टेरॉइड चाललंय हे लॅबला कळवायला विसरू नका, आणि त्याच दिवशीचं सीबीसी सोबत पाठवा, त्याशिवाय मज्जेचा रिपोर्ट नीट वाचता येत नाही.

एक विचारायचं राहिलं, बंड्याचे दोन्ही अंडकोष खाली आहेत ना? एक पोटात राहिला असेल तर त्यात कधी कधी गाठ होऊन इस्ट्रोजेन वाढतं आणि ते मज्जा मारतं. आणि फिट्सची वगैरे काही गोळी चालू आहे का?

प्रेडनिसोलोन सुरुवातीला साधारण 2 मिलिग्रॅम प्रति किलो असतं, म्हणजे बंड्याला दिवसाला 26 च्या आसपास. एकट्याने भागलं नाही की मायकोफेनोलेट किंवा सायक्लोस्पोरिन ही इम्युनिटी दाबणारी औषधं जोडतात. अझाथायोप्रिन स्वस्त आहे पण ते स्वतःच मज्जा दाबू शकतं, म्हणून अशा केसमध्ये मी तरी मागे ठेवतो. पायदुखीची, तापाची कुठलीही गोळी स्टेरॉइडबरोबर द्यायची नाही, आतड्यातून रक्त जाईल आणि मग आपण शोधत बसू की पीसीव्ही का पडला. आयर्नचं टॉनिक पण मनाने नको, त्याला लोहाची कमतरता नाहीये, रक्त चढवल्यावर तर उलट साठतं.

माहीमचा_शेरू
मी दुसरी बाजू सांगतो, घाबरवायला नाही. आमचा जर्मन शेफर्ड होता, त्याला गोचीड तापाचा जुना प्रकार निघाला, एर्लिकिया. तिन्ही पेशी खाली, नाकातून रक्त. डॉक्सी महिनाभर दिलं, परळला बैलघोडा हॉस्पिटलला पण दाखवलं, सगळ्यांनी मनापासून केलं पण मज्जा उठलीच नाही. जंतू मेला तरी मज्जा भरून येईलच असं नसतं, आणि शेफर्डला हा आजार जास्तच जोरात होतो असं तेव्हा समजलं. म्हणून एकच विचारतो, किट टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून थांबलात का? ती अँटिबॉडी बघते, जंतू नाही. पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी टेस्ट) करून घ्या, बेबेसिया या गोचिडीतूनच येणाऱ्या दुसऱ्या जंतूचा पण. त्यातल्या गिब्सोनाय प्रकाराला डॉक्सी पुरत नाही, त्याचं औषध वेगळं असतं. इम्युनिटी दाबायची औषधं वर्षभर घालायची असतील तर आत जंतू लपलेला नाही हे आधी माहीत पाहिजे ना.

बंड्याची_आई (नाशिक)
सगळ्यांचे खूप आभार, आणि उशिरा लिहितेय त्याबद्दल सॉरी. लसूण बंद, सासूबाईंनी स्वतःच डबा उचलून ठेवला. पीसीआर निगेटिव्ह आले. डॉक, अंडकोष दोन्ही खाली आहेत आणि दुसरी कुठलीच गोळी नाही. मॅरो केलं. रिपोर्टमध्ये लाल पेशींचे पूर्वज भरपूर आहेत पण पुढच्या टप्प्याला अडकलेत आणि मॅक्रोफेजेस (इम्युनिटीच्या पेशी) त्यांना गिळतायत असं लिहिलंय, म्हणजे ज्यूलीचंच ना? मायकोफेनोलेट चालू झालंय. पण स्टेरॉइडने बंड्याचं पार बदललंय, बादलीभर पाणी पितो, रात्री घरात शू, भूक तर विचारूच नका कचऱ्याची पिशवी फाडली, आणि पाय बारीक पोट मोठं. मिस्टर म्हणतात डोस अर्धा करून बघू. आणि परत रक्त लागलं तर?

गच्चीवरची_ज्यूली (पुणे)
हो हो तेच!! अर्धा बिलकुल करू नका ताई, मनाने तर नाहीच. शू साठी रात्री एकदा उठवून बाहेर न्या, पाणी तोडू नका. पोट आणि पाय नंतर नीट होतात, ज्यूलीचे झाले. भुकेला आम्ही दुधी आणि गाजर उकडून द्यायचो, खाल्ल्याचं समाधान.

डॉक_पशु (पशुवैद्य)
इतके दिवस चालू असलेलं स्टेरॉइड एकदम तोडलं तर शरीराचं स्वतःचं तयार व्हायला वेळ लागतो, कुत्रा कोसळू शकतो. पीसीव्ही 30 च्या वर जाऊन दोन आठवडे टिकला की मग साधारण तीन-तीन आठवड्यांनी पाव-पाव कमी करतात, प्रत्येक वेळी आधी रक्त तपासून. मायकोफेनोलेटने जुलाब झाले तर लगेच डॉक्टरांना फोन, अंगावर काढू नका. जुलाबात रक्त दिसलं तर त्याच दिवशी. लसीचं आत्ता डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही करू नका.

रक्ताचं म्हणाल तर पहिल्यांदा कुठलंही चालून जातं कारण कुत्र्यांत दुसऱ्या ग्रुपविरुद्ध तयार अँटिबॉडी सहसा नसतात. पण एकदा चढवून चार-पाच दिवस उलटले की क्रॉसमॅच (दोघांचं रक्त जुळतं का ती तपासणी) केल्याशिवाय नाही, डोनर तोच असला तरी. आत्ताच दोन-तीन डोनर शोधून ठेवा, ऐनवेळी धावपळ नको. 25 किलोच्या वरचा, 1 ते 8 वर्षांचा, लसी झालेला, गोचीड ताप कधीच न झालेला, आणि स्वतः कधी रक्त न घेतलेला.

इंदिरानगरचा_बाळू
ताई मी नाशिकचाच, ही चर्चा रोज वाचतोय. माझा लॅब्रॅडोर 34 किलो, 4 वर्षांचा, रक्त कधी घेतलेलं नाही, लसी पूर्ण. गोचीड तापाची टेस्ट या रविवारी करून घेतो आणि क्रॉसमॅचला सॅम्पल द्यायचं तर तुमच्या डॉक्टरांची वेळ मला मेसेज करा, सकाळी 10 च्या आत जमेल, नंतर दुकान असतं.