शब्दचर्चा : कूमारिन, कुमारी आणि ‘रक्त पातळ करणारी’ औषधे

प्रश्न : वॉरफरिन या ‘रक्त पातळ करणाऱ्या’ औषधाच्या माहितीपत्रकात ‘कौमारिन गटातील औषध’ असा उल्लेख आढळला. आयुर्वेदात कोरफडीला कुमारी म्हणतात; हा शब्द त्यावरूनच आला असेल का? शिवाय अशा संयुगांना ‘विषमवलयी’ म्हणतात, त्यातील ‘विषम’चा नेमका अर्थ काय?

उत्तर : कोरफडीशी या शब्दाचा संबंध नाही, उच्चारातील साम्य हा निव्वळ योगायोग आहे. दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागात टोंका नावाच्या सुगंधी बिया देणारा वृक्ष वाढतो. त्याचे ‘कुमारू’ हे स्थानिक नाव फ्रेंच भाषेत गेले आणि १८२० मध्ये या बियांतून जो पांढरा, स्फटिकी, सुवासिक पदार्थ वेगळा झाला, त्याला फ्रेंच औषधशास्त्रज्ञ गिबूर यांनी ‘कूमारिन’ हे नाव दिले. त्याच वर्षी जर्मन रसायनशास्त्रज्ञ फोगेल यांनाही तो मिळाला होता, परंतु त्यांनी त्याला बेंझोइक आम्ल समजले. ‘कौमारिन’ हे लेखन इंग्रजी अक्षरांवरून आलेले दिसते. माझ्या मते दीर्घ ‘कू’ घालून ‘कूमारिन’ लिहावे. उच्चाराला ते जवळचे आहे आणि ‘कुमारी’शी होणारी गल्लतही टळते.

आता ‘विषम’ विषयी. येथे विषम म्हणजे सम-विषम संख्यांतील विषम नव्हे, तर ‘वेगळ्या जातीचा’. ज्या वलयात कार्बनखेरीज ऑक्सिजन, नायट्रोजन किंवा गंधक यांचा निदान एक अणू बसलेला असतो, ते विषमवलय. काही जण ‘विषमचक्रीय’ असेही लिहितात. कूमारिनच्या रेणूत नऊ कार्बन, सहा हायड्रोजन आणि दोन ऑक्सिजन अणू असतात. बेंझिनचे वलय आणि पायरोनचे वलय एका सामाईक बाजूने जोडलेले असते. पायरोनच्या वलयात पहिल्या स्थानी ऑक्सिजन आणि त्याला लागून दुसऱ्या स्थानी कार्बोनिल गट (ऑक्सिजनशी दुहेरी बंधाने जोडलेला कार्बन) असतो, म्हणजेच हे वलय लॅक्टोन (आम्लातून पाणी निघून बनणारे वलय) आहे. तोच कार्बोनिल गट चौथ्या स्थानी गेला की कूमारिनऐवजी क्रोमोन तयार होते. कोरफडीत आढळणारे अ‍ॅलोसिन या क्रोमोन वर्गातले आहे, तेव्हा नावाने नसले तरी रचनेने कुमारीचे कूमारिनशी दूरचे नाते लागते.

या लॅक्टोन वलयाचे वनस्पतीतील वर्तन मला या विषयातील सर्वांत देखणा भाग वाटतो. उभ्या गवतात किंवा चाऱ्यात कूमारिन बहुतांशी मोकळे नसते; त्याचे पूर्वरूप असलेले हायड्रॉक्सिसिनॅमिक आम्ल ग्लुकोजला बांधून पेशीत साठवलेले असते, आणि त्याला वास नसतो. कापणीनंतर पेशी फुटतात, विकर (एन्झाइम) साखर तोडते, मोकळ्या झालेल्या आम्लातून पाण्याचा रेणू निघून जातो आणि टोके जुळून वलय मिटते. नुकत्याच कापलेल्या वाळत्या गवताचा गोडसर गंध हा बराचसा त्या मिटलेल्या वलयाचा गंध असतो. १८६८ मध्ये इंग्रज रसायनशास्त्रज्ञ पर्किन यांनी सॅलिसिलाल्डिहाइडपासून हाच पदार्थ प्रयोगशाळेत बनवला, आणि पुढे अत्तरनिर्मितीला तो मुबलक मिळू लागला.

पूरक प्रश्न : मग कूमारिन खाल्ल्याने रक्त पातळ होते का? दालचिनीतही ते असते असे वाचले आहे.

उत्तर : होत नाही, आणि या शब्दाच्या वापरातला खरा घोटाळा येथेच आहे. रसायनशास्त्रात कूमारिन हे रचनेचे नाव आहे. औषधव्यवहारात मात्र ते एका परिणामाचे नाव होऊन बसले आहे. १९२० च्या दशकात कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांतील गुरे ‘स्वीट क्लोव्हर’ या वनस्पतीचा बुरशी लागलेला चारा खाऊन रक्तस्रावाने मरू लागली. चांगला चारा खाणाऱ्या गुरांना काही होत नव्हते, कारण दोष कूमारिनचा नव्हता. बुरशीमुळे त्यापासून डायकूमारॉल तयार होत होते. विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल पॉल लिंक यांच्या गटाने १९३९ मध्ये त्याचे स्फटिक मिळवले. डायकूमारॉलमध्ये चौथ्या स्थानी हायड्रॉक्सिल गट असलेल्या कूमारिनच्या दोन रेणूंना तिसऱ्या स्थानी एका कार्बनने जोडलेले असते. चौथ्या स्थानचा तो गट आणि तिसऱ्या स्थानची ती जोडणी नसलेल्या साध्या कूमारिनमध्ये रक्त साखळणे थांबवण्याचा हा गुण नाही. याच आराखड्यावरून वॉरफरिन आले. विस्कॉन्सिन अ‍ॅलम्नाय रिसर्च फाउंडेशनची आद्याक्षरे आणि कूमारिनचा शेवट मिळून ते नाव झाले. १९४८ मध्ये ते उंदीर मारण्यासाठी विक्रीस आले आणि १९५४ मध्ये अमेरिकेत रुग्णांसाठी मान्य झाले.

‘रक्त पातळ करणारी गोळी’ हा बोलण्यातला प्रयोगही दिशाभूल करतो. वॉरफरिनने रक्ताचा दाटपणा बदलत नाही. के जीवनसत्त्वाचे यकृतात होणारे पुनरुज्जीवन थांबते, त्यामुळे साखळण्यास लागणारी काही प्रथिने अपुरी तयार होतात. (मराठीत ‘क जीवनसत्त्व’ म्हटले की आवळ्यातले ‘सी’ डोळ्यांपुढे येते, म्हणून ‘के जीवनसत्त्व’ असेच लिहिणे सुरक्षित ठरेल.) लेखनात ‘रक्तगुठळीरोधक’ हा शब्द आणि गटासाठी ‘४-हायड्रॉक्सिकूमारिन’ हे नाव वापरावे.

दालचिनीविषयीची काळजी निराळी आहे. चिनी कॅशिया दालचिनीत कूमारिन बरेच असते, श्रीलंकेच्या दालचिनीत अगदी थोडे. संवेदनशील व्यक्तींच्या यकृताला त्याने इजा होऊ शकते, म्हणून युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने रोजची मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे ०.१ मिलिग्रॅम ठेवली आहे.

बावचीतील सोरॅलेनही कूमारिनच आहे, फक्त त्याला फ्युरानचे आणखी एक वलय जोडलेले असते. ते अतिनील प्रकाशात डीएनएला चिकटते. कोडावरील उपचारात त्याचा उपयोग होतो आणि बावची लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजते, तीही त्यामुळेच. त्याला ‘कूमारिन गटातील औषध’ म्हटले, तर रचनेच्या दृष्टीने ते बिनचूक ठरेल, पण रुग्ण मात्र ते वॉरफरिनचे भावंड समजेल.