शब्दचर्चा : मिंधा की पत गेलेला?

प्रश्न (राजारामपुरी)
इराक युद्धावरच्या लेखाचा अनुवाद करतोय, एका शब्दापाशी अडलोय. स्कॉट रिटर हे इराकमधले संयुक्त राष्ट्रांचे शस्त्र तपासनीस. ऑगस्ट १९९८ मध्ये त्यांनी राजीनामा दिला तेव्हा म्हणत होते, इराक महासंहारक शस्त्रांबाबत लपवाछपवी करतोय. पुढे म्हणू लागले, इराक जवळजवळ निःशस्त्र झालाय. त्याच सुमारास त्यांनी इराकवर माहितीपट काढला. त्यासाठी इराकी वंशाच्या एका अमेरिकी उद्योजकाकडून ४ लाख डॉलर घेतले. हे त्यांनी स्वतः मान्य केलंय. अशा माणसाला 'मिंधा' म्हणावं का?

उत्तर (निवृत्त मराठी शिक्षक, मंगळवार पेठ)
'तपासनीस' लिहिलंत ते बरं केलंत. 'निरीक्षक' म्हटलं की नुसता बघून जाणारा वाटतो.

आता मिंधा. उपकाराच्या ओझ्यामुळे ज्याला समोरच्यापुढे मान वर करून बोलता येत नाही, तो मिंधा. 'विकला गेलेला' याहून वेगळा, त्याने सौदा केलेला असतो. शिवाय मिंधा शब्द एकटा येत नाही, "मी कुणाचा मिंधा नाही" असंच आपण म्हणतो. तेव्हा तुम्हाला आधी सांगावं लागेल, रिटर कुणाचे मिंधे? त्या उद्योजकाचे की सद्दामचे? २००४ मध्ये बगदादच्या एका वृत्तपत्राने सद्दामकडून तेलाचे वाटे मिळालेल्यांची यादी छापली, तीत या उद्योजकाचं नाव होतं. त्यामुळे संशयाला जागा आहे. पण मिंधेपण माणसाच्या मनात असतं, ते बाहेरून ठामपणे लिहू नये.

उत्तर (ऊस उत्पादक, करवीर तालुका)
सर, मला इथे 'पत' शब्द बरोबर वाटतो. पत दुसऱ्यांनी द्यायची असते. आपण कितीही स्वच्छ असलो तरी ती जाऊ शकते.

आमचंच सांगतो. काटामारीचा संशय आला म्हणून एका हंगामात ट्रॉली आधी रस्त्यावरच्या खासगी काट्यावर चढवली. भाडं मीच दिलं. पुढे कारखान्याच्या काट्यावर वजन कमी भरलं. मी चिठ्ठी दाखवली तर तिथला माणूस म्हणाला, "पैसे तुम्ही दिलेत, चिठ्ठी तुमचीच की ओ." मला फार लागलं ते. काटा खोटा आहे असं तो म्हणालाच नाही, तरी चिठ्ठीची पत गेली. आणि कारखान्याच्या काट्याचा पगार कोण देतं, हे मात्र कुणी विचारत नाही! तीच ट्रॉली तिसऱ्या काट्यावर चढवा म्हटलं, तर तोवर ऊस गाळपासाठी गव्हाणीत पडला होता.

प्रश्नकर्ता
दादा, तुमच्या काट्याचंच इथेही झालंय. रिटर ज्या पथकात होते, त्या अनस्कॉमचे बरेच तपासनीस आपापल्या सरकारांकडून उसने आलेले, पगारही तिथलाच. १९९९ मध्ये त्यातून हेरगिरी झाल्याचा गवगवा झाला. म्हणून त्याच्या जागी आलेल्या अनमोव्हिक या पथकात माणसं थेट संयुक्त राष्ट्रांच्या नोकरीत घेतली. पण खर्च? तो इराकच्याच तेलविक्रीतून, ०.८ टक्के कापून. ज्याची झडती, त्याचाच पैसा! तरी अनमोव्हिकचे प्रमुख हान्स ब्लिक्स यांना कुणी त्यासाठी इराकचे मिंधे म्हटलं नाही, कारण पैसा ठरावाने ठरलेला, उघड आणि संस्थेच्या हातून येणारा होता.

उत्तर (मंगळवार पेठ)
आणि तिसऱ्या काट्यावरचं वजनही झालंच की. युद्धानंतर अमेरिकेच्याच नेतृत्वाखालच्या पथकाने इराक धुंडाळला. त्याच्या २००४ च्या अहवालात महासंहारक शस्त्रांचे साठे सापडले नसल्याचं आलं. साठ्यांबाबत रिटर यांचं म्हणणं खरं निघालं. पैसे घेतल्याने पत उतरली हे खरं, पण त्यावरून बोलणं खोटं ठरत नाही. हे दोन्ही तुमच्या अनुवादात वेगवेगळ्या वाक्यांत यायला हवं.

प्रश्नकर्ता
मग असं लिहितो : "बाहेरचा पैसा घेतल्याने रिटर यांची पत उतरली. टीकाकार त्यांना सद्दामचे मिंधे म्हणू लागले." 'मिंधे' टीकाकारांच्या तोंडी ठेवतोय, माझ्या नाही.

उत्तर (करवीर)
चालतंय. फक्त ४ लाखांचा आकडा त्याच वाक्याच्या शेजारी ठेवा, खाली टीपेत ढकलू नका.