शब्दचर्चा: 'दुओमो' म्हणजे घुमट का?

खडूफळा: फ्लोरेन्सच्या 'सांता मारिया देल फिओरे' या चर्चवरचा लेख मराठीत आणतेय. गावात सगळे तिला 'दुओमो' म्हणतात. 'फ्लोरेन्सचा घुमट' लिहिलं तर चालेल? आणि घुमटाच्या माथ्यावरच्या 'लँटर्न'ला काय म्हणायचं?

रांजण: नाही चालणार. दुओमो आणि डोम एकाच कुळातले, लॅटिन 'दोमुस'चे, म्हणजे घर. पण इटालियनमध्ये दुओमो म्हणजे शहराचं मुख्य चर्च. घुमटाला ते 'कूपोला' म्हणतात. मिलानच्या मुख्य चर्चवर शिखरांचं नुसतं रान आहे, तरी तोही दुओमोच. फ्लोरेन्सचं काम १२९६ मध्ये आर्नोल्फो दि कांबियोने सुरू केलं; वास्तुकार ब्रुनेलेस्कीचा घुमट १४२० ते १४३६ मधला. घुमटावरून नाव पडलेलं नाही.

माडाखाली: मग 'कॅथेड्रल' लिहा की. 'काथेद्रा' म्हणजे बिशपचं आसन. आमच्या जुन्या गोव्यातल्या 'से कॅथेड्रल'मधलं पोर्तुगीज 'से' पण आसनच! म्हणजे पीठ-पीठ. पहिल्यांदा 'आर्चबिशपच्या पीठाचं चर्च' असं सांगून पुढे दुओमोच ठेवा.

खडूफळा: पटलं. आणि लँटर्न? 'कळस'?

गवंडीकाम: कळस म्हणजे निम्मंच सांगितलं. तो खिडक्या असलेला संगमरवरी मनोरा आहे. त्यातून उजेड आत उतरतो, आणि त्याच्या वजनाने घुमटाच्या आठ फासळ्या माथ्याशी दाबून धरल्या जातात. या मनोऱ्याचं काम जेमतेम सुरू झालं आणि १४४६ मध्ये ब्रुनेलेस्की गेला. वरचा मूळ तांब्याचा गोळा शिल्पकार वेरोक्योने १४७१ मध्ये बसवला. घुमटाच्या विटांचा शब्दही लेखात घ्या: 'स्पिना दि पेशे', माशाचा काटा. आडव्या थरांत मध्येमध्ये उभ्या विटा घातल्या, म्हणून चुना घट्ट होईपर्यंत वरचा थर घसरला नाही. जमिनीपासून लाकडी आधार उभारावा लागला नाही तो त्यामुळेच. खरी करामत तीच, सगळे नुसती उंची सांगत बसतात.

रांजण: 'छत्री' कशी वाटते? वास्तुकलेतला आपलाच शब्द.

माडाखाली: छत्री म्हटलं की समाधी आठवते हो. आणि कंदील म्हटलं की दिवाळी.

खडूफळा: 'झरोक्यांचा कळस' लिहिते. शेवटचं एक. लेखात 'ओपेरा देल दुओमो'चं संग्रहालय आलंय. चर्चमध्ये संगीत नाटकं व्हायची का?

रांजण: छे! 'ओपेरा' म्हणजे काम. दुओमोचं बांधकाम आणि देखभाल पाहणारी जुनी संस्था ती. शिल्पकार गिबेर्तीने दुओमोसमोरच्या बाप्तिस्मागृहासाठी केलेले मूळ सोनेरी दरवाजे तिच्याच संग्रहालयात आहेत. तिथे आता प्रतिकृती लावल्यात. 'दुओमोचं बांधकाम खातं' लिहा, सरकारी वाटलं तरी अर्थ तोच.