फक्त एप्टेशियासाठी कॉपरबँड आणू नका

खाऱ्या पाण्याच्या टाकीत तणासारखं पसरणारं एप्टेशिया (छोटं समुद्रफूल) खायला कॉपरबँड हा लांब चोचीचा फुलपाखरू मासा आणू का, असं तुम्ही विचारलंय. खाईलच याची खात्री नाही. काही मासे फडशा पाडतात, काही ढुंकूनही पाहत नाहीत. वर शोभेचे नळीकृमी मात्र हमखास टिपतात.

खरी अडचण खाण्याची. दुकानात मासा समोर खाताना दिसल्याशिवाय घेऊ नका. नुसतं तोंडाजवळ नेऊन थुंकला, तर ते खाणं नव्हे. डोळ्यांमागे, पाठीच्या बाजूला मांस आत गेलेलं दिसलं तर सरळ परत फिरा. माझा कॉपरबँड पहिले नऊ दिवस उपाशी होता. शेवटी ताजा शिंपला उघडून दगडांच्या फटीत ठेवला. बराच वेळ एका डोळ्याने न्याहाळत राहिला आणि मग ती लांब चोच आत घालून बारीक बारीक तुकडे ओढू लागला. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला! त्याच शिंपल्यात मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) भरून हळूहळू गोठवलेल्या खाण्यावर आणला. दिवसातून तीनदा, थोडं थोडं.

तुमची टाकी वर्षभर जुनी आणि चारशे लिटरच्या पुढची नसेल तर थांबा. दांडगट टँग मासा आधीपासून असेल तरी थांबा, तो याला खाऊ देणार नाही.

प्रवाळ जपायचे असतील तर पिरॅमिड फुलपाखरू मासा बघा. तो पाण्यात तरंगणारे बारीक जीव, म्हणजे प्लवक, खातो. अलंकृत फुलपाखरू मासा कितीही देखणा असला तरी नको, तो जवळजवळ फक्त जिवंत प्रवाळावरच जगतो. घरी तो उपासमारीनेच मरतो.