छायाचित्र-प्रदर्शनासाठी ‘आर्टिस्ट स्टेटमेंट’ लिहावे का?

माळरान

नमस्कार. मी बीड जिल्ह्यातला छायाचित्रकार आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या भागातून ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जाणाऱ्या कुटुंबांची छायाचित्रे मी गेली काही वर्षे काढत आलो आहे. त्यांतली निवडक छायाचित्रे मुंबईतील एका समूहप्रदर्शनात लागणार आहेत आणि त्यासाठी आयोजकांनी माझ्याकडे २०० शब्दांचे ‘आर्टिस्ट स्टेटमेंट’, म्हणजे कलाकाराने आपल्या कामाविषयी लिहिलेले निवेदन, मागितले. ही माणसे कोणत्या तालुक्यांतून निघतात, मुकादमाकडून (मजुरांच्या टोळ्या नेणाऱ्या ठेकेदाराकडून) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कशी घेतात, कोप्यांमध्ये (तात्पुरत्या झोपड्यांमध्ये) कशी राहतात, एवढेच मी लिहून पाठवले. त्यात वैचारिक खोली नाही, असे मला कळवण्यात आले. नमुन्यादाखल दुसऱ्या एका कलाकाराचे इंग्रजी निवेदन सोबत पाठवले होते. ते पुन्हा पुन्हा वाचूनही त्यांनी नेमकी कशाची छायाचित्रे काढली आहेत, हे मला समजले नाही.

आमच्या ओळखीतील ज्येष्ठ छायाचित्रकारांचे म्हणणे असे की चांगल्या छायाचित्राला शब्दांचा टेकू लागत नाही आणि ज्याला लागतो ते छायाचित्र भिंतीवर लावूच नये. हे मला पूर्णपणे पटत नाही. पण जे लिहायला सांगितले जात आहे, तेही माझ्या हातून लिहिले जाणार नाही. कलाकाराने आपल्या कामाबद्दल लिहावे का, आणि लिहायचेच झाले तर काय लिहावे?

रंगरेषा

माझे मत आधीच सांगते: लिहू नये, आणि लिहिलेच तर ते भिंतीवर लावू नये. मी चित्रकार आहे आणि कलाशाळेत शिकवते. दालनात येणारा प्रेक्षक आधी चित्राशेजारच्या कागदाकडे जातो, तो वाचून संपवतो आणि मग वाचलेले चित्रात सापडते का, एवढे पाहून पुढच्या कागदाकडे वळतो, हे मी वर्षानुवर्षे पाहत आले आहे. चित्रासमोर काही क्षण काहीच न समजता उभे राहण्याची जी मुभा प्रेक्षकाला मिळायला हवी, ती हा कागद काढून घेतो.

वासुदेव गायतोंडे यांचे उदाहरण आपल्या अगदी जवळचे आहे. १९२४ मध्ये नागपुरात जन्मलेल्या आणि मुंबईत जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या या चित्रकाराने आपल्या बहुतेक प्रौढ चित्रांना शीर्षकसुद्धा दिले नाही. त्यांच्या कामाचे मोठे सिंहावलोकनी प्रदर्शन २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात भरले, तेव्हा त्यांना जाऊन तेरा वर्षे झाली होती. त्यांच्याविषयी इतरांनी भरपूर लिहिले आहे, परंतु चित्रासमोर उभे राहताना त्यांनी स्वतः आपल्या हातात काहीही दिलेले नाही, आणि त्यामुळेच त्या रंगांच्या थरांकडे डोळे वेगळ्या रीतीने लागतात.

माझी खरी काळजी विद्यार्थ्यांबद्दल आहे. त्यांच्यातले काही जण आता आधी निवेदन तयार करतात आणि मग त्याला शोभेल असे चित्र रंगवायला घेतात. हात काय शोधतो आहे हे कळण्याआधीच त्याला उत्तर ठरवून दिलेले असते, आणि मग ब्रश चुकायला घाबरतो.

नोंदवही

मी छायाचित्रांच्या संग्रहाचे काम करतो, त्यामुळे रंगरेषा यांच्या मुद्द्याचा आदर ठेवूनही मला येथे चित्र आणि छायाचित्र यांच्यात फरक करावासा वाटतो. अमूर्त चित्रातला पिवळा रंग कोणत्या गावचा आहे, हे विचारण्यात अर्थ नसतो. छायाचित्रातली बाई मात्र कोठेतरी राहते, तिला नाव असते आणि ते छायाचित्र कोणी तरी, कोणत्या तरी दिवशी, तिच्यासमोर उभे राहून काढलेले असते. यातले बरेच काही चौकटीत दिसू शकत नाही. छायाचित्र कितीही उत्तम असले तरी नाही.

डोरोथिया लँग यांनी १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातील निपोमो येथे वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर काढलेले, मुलांना बिलगून बसलेल्या आईचे छायाचित्र जगभर पोहोचले. लँग या नोंदी काळजीपूर्वक ठेवणाऱ्या छायाचित्रकार होत्या, तरीही त्या दिवशी त्यांनी त्या बाईचे नाव विचारले नाही. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे तिचे नाव १९७८ मध्ये जगासमोर आले. ती चेरोकी या मूळ अमेरिकी जमातीची होती, हेही त्या छायाचित्राकडे पाहणाऱ्यांना चार दशके ठाऊक नव्हते. त्या बाईने जेवणासाठी गाडीचे टायर विकले, असे लँग यांनी पुढे लिहिले आणि त्या कुटुंबाने ते साफ नाकारले. छायाचित्र इतके प्रभावी होते की त्याला शब्दांची गरज आहे, असे कोणालाच वाटले नाही. त्याची किंमत छायाचित्रातल्या माणसाने मोजली.

याच्या उलट लुइस हाइन यांचे काम पाहा. अमेरिकेतील बालमजुरीविरोधी समितीसाठी १९०८ पासून काम करताना ते मुलांची नावे, वये, गिरणी आणि कामाचे तास जमेल तितके टिपून घेत. त्या नोंदींमुळे ती छायाचित्रे पुरावा म्हणून उभी राहू शकली. नोंद चुकीची असेल तर काय होते, तेही दिसले आहे: २०१५ मध्ये ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ या वृत्तछायाचित्रांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेने बेल्जियमच्या शार्लरुआ शहरावरील छायाचित्रमालिकेला दिलेला पुरस्कार परत घेतला, कारण त्यातले एक छायाचित्र त्या शहरातले नसून ब्रुसेल्समधले होते.

आता तुमच्या विषयाकडे येतो. डोक्यावर हिरव्या पात्यांचा भारा घेऊन संध्याकाळी चाललेली बाई मुंबईच्या दालनात टांगली, तर बहुतेक प्रेक्षक ग्रामीण सौंदर्य म्हणून तिच्याकडे पाहतील. ते उसाचे वाढे आहेत, दिवसभर तोडणी झाल्यावर ते जनावरांच्या चाऱ्यासाठी विकून हाताशी चार पैसे येतात आणि त्यातून मीठ-मिरची येते, हे ज्याने सांगितले नाही त्याने त्या बाईच्या तोडणीनंतरच्या कामाचा भार प्रेक्षकांपासून लपवला, असेच मी म्हणेन. आयोजकांना जे रूक्ष वाटले, तेच तुम्ही लिहायला हवे.

कृष्णधवल

मी एका निवड समितीवर काम केले आहे, म्हणून व्यवहाराच्या बाजूने थोडे लिहितो. ‘स्टेटमेंट’ या एकाच नावाखाली आपण निदान दोन निरनिराळे मजकूर एकत्र करत आहोत. एक मजकूर निवड करणाऱ्यांसाठी किंवा अनुदान देणाऱ्यांसाठी असतो, दुसरा प्रेक्षकांसाठी. छायाचित्रकार रॉबर्ट फ्रँक यांनी १९५४ मध्ये गुगेनहाइम शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला, तेव्हा अमेरिकाभर फिरून आपण काय टिपू इच्छितो, हे त्यांना शब्दांत मांडावेच लागले. १९५५ मध्ये शिष्यवृत्ती मिळाली आणि त्या प्रवासातून जे पुस्तक झाले, त्यात छायाचित्रांखाली ठिकाणाचा आणि विषयाचा त्रोटक उल्लेख यापलीकडे त्यांनी स्वतःचे स्पष्टीकरण ठेवले नाही. अर्जातला मजकूर आपले काम करून बाजूला झाला. तुमच्याकडे मात्र अर्जाला शोभणारा मजकूर भिंतीसाठी मागितला जात आहे, आणि गोंधळ तेथे आहे.

त्या दुर्बोध भाषेबद्दलही एक सांगतो, म्हणजे दोष आपल्या इंग्रजीचा आहे असे तुम्हाला वाटणार नाही. २०१२ मध्ये अ‍ॅलिक्स रूल आणि डेव्हिड लेव्हिन यांनी कलादालनांच्या प्रसिद्धीपत्रकांचा मोठा साठा तपासून एक निबंध लिहिला. या व्यवहारात इंग्रजीची एक वेगळीच बोली तयार झाली आहे आणि ती रोजच्या इंग्रजीपासून बरीच दूर गेली आहे, असे त्यांनी त्यात दाखवले. इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा आहे तेही ती बोली शिकूनच लिहितात.

लिहिणे हे चित्रकाराच्या प्रकृतीविरुद्ध असते, हे मात्र मला मान्य नाही. मुंबईतील आधुनिक चित्रकारांच्या ज्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपशी गायतोंडे पुढे जोडले गेले, त्याची १९४७ मध्ये स्थापना करणाऱ्यांत पुढाकार घेणारे फ्रान्सिस न्यूटन सूझा तडाखेबंद लिहिणारे होते. चित्रकार प्रभाकर बरवे यांनी तर ‘कोरा कॅनव्हास’ या पुस्तकात आपली निर्मितीप्रक्रिया मराठीत इतक्या निवांतपणे उलगडली आहे की चित्रे समोर नसतानाही ती वाचता येते. मूक राहणे हा एका चित्रकाराचा स्वभाव होता. त्याचा सर्वांसाठी नियम करू नये.

रंगरेषा

बरवे यांचे उदाहरण योग्य आहे, परंतु ते माझ्याच बाजूचे आहे असे मला वाटते. ते लेखन स्वतंत्र आहे; ज्याला हवे तो ते घरी नेऊन वाचतो आणि चित्र त्याच्यावाचून अडत नाही. वाढ्याच्या भाऱ्याचा मुद्दा मात्र मला पटला. छायाचित्रातील वस्तुस्थिती सांगणे आणि छायाचित्राचा अर्थ सांगणे या दोन गोष्टी मी वेगळ्या धरल्या नव्हत्या. पहिलीला माझी हरकत नाही. दुसरीला आहे आणि राहील.

माळरान

सर्वांचे मनापासून आभार. आयोजकांशी बोललो. मजकूर मराठीत आणि इंग्रजीत असा दोन्ही भाषांत लावायला आणि प्रवेशद्वाराशी न लावता शेवटच्या भिंतीवर लावायला ते तयार झाले आहेत. नवा मसुदा देत आहे, कृपया काटेकोरपणे पाहावा.

“ही छायाचित्रे बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबांची असून ती गळीत हंगामात उसाच्या फडात आणि कोप्यांवर काढली आहेत. तोडणीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. उचल त्या जोडीच्या नावावर असते आणि ती तोडणीतून फिटते. आजारपणामुळे किंवा अन्य कारणाने कामावर जाता आले नाही, तर खाडा धरून पैसे कापले जातात. मी याच जिल्ह्यातला आहे, पण माझ्या घरचे कोणी तोडणीला गेलेले नाही. तोड पहाटे अंधारातच सुरू होते आणि त्या वेळी मी फ्लॅश वापरलेला नाही, म्हणून काही छायाचित्रे काळोखी आहेत. येथे लावलेले प्रत्येक छायाचित्र त्यातील माणसांना आधी दाखवले आहे. ज्यांनी नकार दिला त्यांची छायाचित्रे येथे नाहीत. २०१९ मध्ये आमच्या जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची राज्यभर चर्चा झाली. आपल्याकडे केवळ त्या नजरेने पाहिले जाऊ नये, अशी काही बायकांची इच्छा होती आणि मी ती पाळली आहे. कष्टाच्या या अथांग प्रवासात मला माणुसकीचे दर्शन घडले.”

नोंदवही

उत्तम. ‘माझ्या घरचे कोणी तोडणीला गेलेले नाही’ हे वाक्य काढायला कोणी सांगितले तरी काढू नका. तुम्ही कोठे उभे राहून पाहिले, हे त्याने प्रामाणिकपणे कळते. शक्य असल्यास प्रत्येक छायाचित्राखाली महिना, वर्ष आणि फडाचा तालुका लिहा. नावे ज्यांची परवानगी असेल त्यांचीच द्या आणि उरलेली तुमच्या वहीत नोंदवून जपून ठेवा.

रंगरेषा

शेवटचे वाक्य काढा. त्याच्या आधीच्या प्रत्येक वाक्यात तुम्हाला ठाऊक असलेले आणि मला दिसू न शकणारे काहीतरी आहे. या एका वाक्यात मला काय वाटावे, ते तुम्ही सांगत आहात. खाडा कसा कापला जातो, हे मी या मसुद्यातूनच पहिल्यांदा वाचले. आता जमल्यास आणखी एक करा: मुंबईला पाठवण्यापूर्वी हा मराठी मजकूर त्या कुटुंबांना वाचून दाखवा, आणि उचलीच्या किंवा खाड्याच्या हिशेबात त्यांनी काही दुरुस्ती सुचवली, तर ती त्यांच्या शब्दांत घाला.