अंदमान-मालवणच्या स्क्युबा डायव्हिंगसाठी हलकी बीसीडी हवी आहे: जॅकेट घ्यावं की विंग?

गंगापूर_रोड

नमस्कार मंडळी. मी नाशिकची, वय ४९, उंची ५ फूट १ इंच, वजन ५४ किलो. रोज सकाळी सावरकर तलावावर पोहते. स्क्युबाचा पहिला कोर्स, ओपन वॉटर, तारकर्लीला केला, अ‍ॅडव्हान्स्ड हॅवलॉकला. आता हे आयुष्यभर करायचं असं मनाशी पक्कं केलंय. मास्क, फिन्स, डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ दाखवणारा) आणि ३ मिमीचा सूट माझा आहे. पुढची खरेदी बीसीडी, म्हणजे टाकी पाठीला धरणारा आणि हवा भरून-काढून तरंगणं सांभाळणारा संच.

कारण सांगते. भाड्याच्या जॅकेटमध्ये मी कधीच नीट बसत नाही. सगळ्यात लहान साइज मागितली तरी पाण्यावर हवा भरली की जॅकेट वर सरकून कानाला टेकतं आणि मान वळवता येत नाही. खाली गेल्यावर टाकी डावीकडे कलते. मी डायव्हभर ती खांद्याने सावरत राहते आणि हवा माझीच सगळ्यांच्या आधी संपते. मागच्या खेपेला एका सेंटरवर वर येताना सेफ्टी स्टॉपला पाच मीटरवर थोडा वेळ थांबायचं होतं, तेव्हा खांद्याच्या डंपमधून (हवा सोडायच्या व्हॉल्व्हमधून) हवा निघेचना आणि डाइव्ह मास्टरने माझा फिन धरून मला खाली ठेवलं. मला स्वतःच्या बळावर तिथे थांबायचं आहे.

मी जाणार अंदमान, नेत्राणी, मालवण, जमलं तर लक्षद्वीप. थंड पाण्यात जायचा विचार नाही. टाकी नेहमी सेंटरचीच, अ‍ॅल्युमिनियमची. ओझरहून निघा नाहीतर मुंबईहून, देशातल्या विमानात चेक-इनला १५ किलो आणि हातात ७ किलो धरूनच मी बॅग भरते.

माझे प्रश्न: जॅकेट, पाठीवर फुगणारी बीसीडी, की बॅकप्लेट-विंग (पाठीला प्लेट आणि तिच्यामागे हवेची पिशवी)? लिफ्ट, म्हणजे वर उचलायची ताकद, किती लागते? खाली जायला घेतात त्या शिशाच्या वजनाचे खिसे बीसीडीलाच असावेत का? आणि पाठीवर फुगणारी बीसीडी पाण्यावर तोंड पुढे ढकलते असं ऐकलंय. लाटा असताना तसं झालं तर काय, याची मला खरोखर भीती वाटते.

निळी_खोली

ताई, वर्षातून एकच सहल होत असेल तर बीसीडी घेऊ नका. तेच पैसे स्वतःच्या रेग्युलेटरवर घाला, टाकीतली हवा त्यातूनच श्वासात येते, तोंडात तो असतो. चांगल्या सेंटरला आधी ईमेल करून उंची-वजन कळवलं की ते एक्स्ट्रा स्मॉल बाजूला काढून ठेवतात. सामान वाहायला नको, धुवायला नको, सर्व्हिसिंगही नको. मी तरी असंच करतो.

मालवणी_पाणबुड्या

निळी_खोली यांचं म्हणणं बऱ्याच लोकांना लागू आहे, पण या ताईंना नाही. पाच फूट उंचीच्या माणसाला भाड्याच्या ढिगात मापाची बीसीडी मिळणं नशिबावर असतं. टाकी कलंडत असेल तर शरीर आडवं राहत नाही, पाय खाली लोंबतात, त्यामुळे जास्त फिन मारावे लागतात आणि हवा लवकर संपते. तुमची हवा आधी संपण्यात बीसीडीचा वाटा मोठा आहे असं मला वाटतं. मी मालवणला पाहुण्यांना पाण्यात नेण्याचं काम बरीच वर्षं केलं, आता इंदिरानगरला राहतो. लहान चणीच्या बायकांचे हाल मी फार पाहिलेत, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी लिफ्टचं बघू, कारण दुकानदार तिथूनच महागडा माल गळ्यात मारतो. बीसीडीला उचलायचं असतं तरी काय? सेंटरची ११ लिटरची टाकी २०० बारला भरली की आतल्या हवेचंच वजन पावणेतीन किलोच्या आसपास असतं. ही हवा तुम्ही डायव्हभर श्वासात संपवणार, म्हणजे सुरुवातीला तेवढं वजन जास्तीचं घेऊनच खाली जाता. ३ मिमीचा सूट पाण्यावर साधारण दीड-दोन किलो तरंगवतो, पण २० मीटरवर निओप्रीनमधले बुडबुडे दाबले जातात आणि त्यातलं निम्म्याहून जास्त जातं. हे दोन्ही धरून चार किलोच्या आत-बाहेर. वर आल्यावर डोकं पाण्याबाहेर आरामात राहायला आणखी चार-पाच किलो. झाले आठ-नऊ. विंगवर लिफ्ट पौंडांत लिहिलेली असते. ३० पौंड म्हणजे साडेतेरा किलो, तुम्हाला तेवढी भरपूर झाली. ४० किंवा ५० ची घेऊ नका. मोठी विंग एका टाकीभोवती दोन्ही बाजूंनी दुमडते, हवा घडीत अडकते आणि डंप ओढला तरी निघत नाही. सेफ्टी स्टॉपला तुमचं जे झालं तेच मग स्वतःच्या बीसीडीतही होईल.

आता प्रकार. साधं जॅकेट कंबरेभोवती आणि काखेखाली फुगतं. पाण्यावर उभं राहायला ते छान, शिकणाऱ्याला धीर येतो. पण बुटक्या बांध्यावर ते फुगलं की वर सरकणारच, कारण त्याला खालून धरून ठेवणारं काही नसतं. तुमच्यासाठी पाठीवर फुगणारी बीसीडी किंवा विंग, आणि दोन्हींत क्रॉच स्ट्रॅप हवाच. जांघेतून जाणारा हा पट्टा अख्खा संच खाली धरून ठेवतो. कानापर्यंत चढणं त्या एका पट्ट्याने थांबतं. पाठीवर फुगणाऱ्या काही तयार बीसीडींना तो येत नाही, वेगळा विकत मिळतो. तो अडकवायला जागा आहे का ते बघून घ्या.

तोंड पुढे ढकलण्याची भीती. असं होतं, खोटं नाही. पण कशामुळे होतं ते कळलं की आवरता येतं. डायव्हच्या शेवटी अ‍ॅल्युमिनियमची टाकी जवळपास रिकामी असते आणि पाण्यात दीड-दोन किलोने तरंगू लागते. पाठीवर तरंगणारी टाकी, पाठीवरच भरलेली हवा आणि शिसं सगळं पोटाशी असलं की तोंड पुढे जाणार. म्हणून शिसं मागे न्या. टाकीच्या पट्ट्यावर दोन्ही बाजूंना लहान ट्रिम पॉकेट अडकवा आणि प्रत्येकात एक किलो घाला. वर आल्यावर बीसीडी गच्च भरू नका, हनुवटी पाण्यावर आली की बटण सोडा. मग आरामखुर्चीत रेलतात तसं मागे रेला, पाय थोडे पुढे. दोन-तीन डायव्हमध्ये अंगवळणी पडतं. आणि हे नीट लक्षात ठेवा: बेशुद्ध माणसाचं तोंड वर ठेवायची हमी कुठलीच बीसीडी देत नाही, जॅकेटही नाही. ते लाइफ जॅकेटचं काम. लाटा असताना रेग्युलेटर किंवा स्नॉर्कल तोंडातच ठेवायचा, बोटीची शिडी हातात येईपर्यंत.

वजनाचे खिसे. तुम्हाला ३ मिमीच्या सुटात चार किलोच्या आसपास शिसं लागत असेल. दोन किलो ट्रिम पॉकेटमध्ये, दोन किलो कंबरेच्या बेल्टवर. एवढ्यासाठी झटकन सुटणारे मोठे खिसे कशाला? त्यांचं स्वतःचं वजन असतं आणि बॅगेत जागाही खातात. मात्र संकटात टाकून देता येईल असं काही वजन असलंच पाहिजे, म्हणून बेल्ट, आणि तो क्रॉच स्ट्रॅपच्या वरून बांधायचा. तो पट्ट्याखाली गेला तर सोडला तरी पडणार नाही.

प्रवासाचं म्हणाल तर कॅटलॉगमधलं वजन कोरड्या बीसीडीचं असतं. पाठीला आणि खांद्याला जाड फोम असलेली बीसीडी पाणी धरून ठेवते आणि परतीच्या दिवशी ती वाळलेली नसते. जाताना १४ किलो भरलेली बॅग येताना १६ होते. कमी फोम आणि साधे नायलॉनचे पट्टे असलेली घ्या. स्क्युबाप्रोची लाइटहॉक पाठीवर फुगते, तिला कडक पाठ नाही, घडी होते. त्यांचीच हायड्रॉस प्रो बायकांच्या मापात मिळते, तिचं हार्नेस साच्यातल्या मऊ प्लास्टिकचं असल्याने पाणी पीत नाही, अंगावर फार छान बसते, पण लाइटहॉकपेक्षा जड. दोन्ही घालून बघा. घालून बघितल्याशिवाय ऑनलाइन घेऊ नका, ही माझी कळकळीची विनंती.

घालून बघताना सूट अंगावर हवा. सगळे पट्टे आवळून बीसीडी पूर्ण फुगवा आणि पोटभर श्वास घ्या. छाती अडली तर ती ठेवून द्या. हात मागे नेऊन खालच्या डंपची दोरी न बघता सापडते का बघा. पट्टे शेवटपर्यंत ओढले गेले आणि तरी सैल, तर ती साइज तुमची नाही. हे सगळं रंग बघायच्या आधी.

सातपूरकर

वर सगळं पटलं. मी विंगवाला आहे, त्यामुळे प्लेटबद्दल थोडं. माझं सातपूर एमआयडीसीत शीटमेटलचं काम आहे आणि माझी प्लेट मी स्वतः कापली आहे.

नेहमीच्या मापाची ३ मिमी स्टीलची प्लेट साधारण २.७ किलो भरते. पाण्यात तिचा परिणाम सव्वादोन-अडीच किलोचा, म्हणजे तेवढं शिसं कमी. तीच अ‍ॅल्युमिनियमची केली तर किलोच्या आत येते, पाण्यात अर्ध्या किलोचा परिणाम. घरून गाडीने मालवणला जायचं असेल तर स्टील उत्तम. विमानाने जायचं तर अ‍ॅल्युमिनियम, कारण शिसं सेंटरवर फुकट मिळतं आणि विमानात किलोचे पैसे पडतात. ताईंनी माझ्या मते अ‍ॅल्युमिनियमच घ्यावी, किंवा कापडी सॉफ्ट प्लेट.

नाशिकला करून घ्यायची असेल तर: स्टील ३१६ ग्रेडचं सांगा. ३०४ समुद्राच्या क्षारात ठिपक्या-ठिपक्यांनी खात जातं. अ‍ॅल्युमिनियम ५०८३ घ्या, ते समुद्राला टिकतं आणि बेंडला तडकत नाही. ६०६१ टी-६ कमी त्रिज्येत वाकवली की बेंडवर चीर जाते. मधल्या दोन भोकांचं अंतर ११ इंच, म्हणजे २७९.४ मिमी, मध्यापासून मध्यापर्यंत. ते चुकलं तर बाजारातली कुठलीच विंग बसणार नाही. आणि पट्टा जिथून जातो त्या खाचांच्या कडा नीट घासून गोल करायला सांगा. लेझरची कड तशीच ठेवली तर ५ सेंटिमीटरचा वेबिंग पट्टा हळूहळू कापत जाते, आणि त्या पट्ट्यावर तुमचा सगळा संच लटकलेला असतो. अ‍ॅल्युमिनियमवर स्टीलचे बोल्ट येणार, मध्ये नायलॉनचा वॉशर टाका, नाहीतर बोल्टभोवती पांढरी भुकटी धरते.

५ फूट १ इंच उंचीला लहान प्लेट लागेल. मानेच्या खालच्या उंच मणक्यापासून कंबरेच्या हाडापर्यंत मोजून घ्या. प्लेट त्याहून लांब असेल तर वाकल्यावर खालची कड टोचते.

विंग मात्र कुठेही शिवून घेऊ नका. आतला हवेचा ब्लॅडर (फुगा), त्याचे वेल्डिंगचे जोड, जादा दाब सोडणारा व्हॉल्व्ह हे घरगुती काम नव्हे. ती कंपनीचीच.

गंगापूर_रोड

मनापासून आभार. क्रॉच स्ट्रॅपचं मला कुणीच सांगितलं नव्हतं! मी आज माप घेतलं, पाठ आखूडच आहे. लाइटहॉक आणि अ‍ॅल्युमिनियम प्लेट दोन्ही मनात ठेवून मुंबईला दुकानात जाऊन घालून बघते. दोन शंका. नवीन बीसीडी आधी गोड्या पाण्यात करून बघितली तर शिसं तेवढंच लागेल का? आणि उरलेल्या हवेने इन्फ्लेटर (हवा भरायचं बटण आणि नळी) अडकतो म्हणतात, ते काय?

मालवणी_पाणबुड्या

गोड्या पाण्यात शिसं कमी लागतं. समुद्राचं पाणी साधारण अडीच टक्के जड असतं. तुम्ही आणि टाकीसकट सगळा संच धरून ८० किलो झाले तर समुद्रात दोन किलो जास्त. त्यामुळे तलावात ठरवलेला आकडा मालवणला वापरू नका, तिथे पहिल्या डायव्हला पुन्हा तपासा. खरी तपासणी डायव्हच्या शेवटी: टाकीत ५० बार, पाच मीटर, बीसीडी पूर्ण रिकामी. तिथे सावकाश श्वास घेत स्थिर राहता आलं की शिसं बरोबर. मग फिन धरायला कुणी लागणार नाही. मात्र हवा काढताना अंग किंचित उभं करा आणि इन्फ्लेटरची नळी सर्वात उंच धरा, किंवा डोकं खाली घेऊन मागचा डंप ओढा. हवा नेहमी उंच कोपऱ्यात जाते, तो कोपरा कुठला ते स्वतःच्या बीसीडीत शोधून ठेवा.

इन्फ्लेटरचं कारण उरलेली हवा नसते, मीठ असतं. बटणाखाली क्षार साठतात, बटण दाबलेलंच राहतं आणि बीसीडी आपोआप फुगत जाते. तसं झालं तर लगेच कमी दाबाची नळी उपसायची आणि डंप उघडा धरायचा. ही नळी हातमोजे घालून, डोळे मिटून काढायचा सराव जमिनीवर करा. काही इन्फ्लेटरना दुसरा रेग्युलेटर जोडलेला असतो, त्यांची नळीची जोडणी नेहमीपेक्षा वेगळी असते, सेंटरची नळी बसेलच असं नाही. साधा इन्फ्लेटर घ्या.

डायव्हनंतर रोज आतूनही धुवा. इन्फ्लेटरच्या तोंडाकडून गोडं पाणी भरा, अर्धी हवा भरा, हलवा, उलटी करून सगळ्या डंपमधून पाणी काढा. नंतर अर्धी फुगवून सावलीत वाळवा.

आणि बीसीडीशी संबंध नाही, पण तुम्ही नाशिकच्या म्हणून लिहितो. मालवणहून शेवटची डाइव्ह करून त्याच संध्याकाळी गाडीने निघू नका, डायव्हनंतर लगेच उंचीवर गेलं की अंगात विरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. कुठल्याही वाटेने या, आंबोली, फोंडा नाहीतर कसारा, घाट चढावाच लागतो आणि नाशिकच समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. बऱ्याच डाइव्ह झाल्या असतील तर विमानाआधी निदान १८ तास थांबतो, तसंच घाटाआधीही थांबा. एक रात्र जास्त राहा, मासे खा, सकाळी उशिरा निघा.

सातपूरकर

ताई, दुकानात जाण्याआधी एखाद्या शनिवारी दुपारी सातपूरला येऊन माझी प्लेट अंगावर लावून बघा. सूट घेऊन या, पट्टे तुमच्या मापाला लावून ठेवतो. लांब पडते असं दिसलं तर लहान कापायची की तयार घ्यायची ते तिथेच ठरवू.